कॅटरिनानंतरचं न्यू ऑर्लिन्स: वस्त्या उभ्या राहण्यात वंश आडवा आला की गरिबी?

प्रश्न असा आहे: २००५ च्या कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी सगळ्या थरांतल्या लोकांच्या घरात शिरलं, मग काही वस्त्या चार-पाच वर्षांत उभ्या राहिल्या आणि काही अजून अर्ध्या ओसाड का? यात वंशभेद किती आणि निव्वळ गरिबी किती?

माझं उत्तर आधीच सांगतो. वंश आणि गरिबी ही दोन वेगळी कारणं धरून त्यांचे टक्के काढायला बसलात तर हाती काही लागणार नाही. अमेरिकेत घराची किंमत ते कुठल्या वस्तीत आहे यावर ठरते आणि कुठल्या वस्तीत कोण राहणार हे पिढ्यान्‌पिढ्या वंशावर ठरत आलं. आपत्तीनंतरची मदत घराच्या जुन्या किमतीवर बेतली की नियमात वंशाचा उल्लेखही नसताना निकाल वंशाप्रमाणे लागतो. मी किल्लारीच्या भूकंपापासून पुनर्वसनाच्या कामात आहे. पुढे काही काळ न्यू ऑर्लिन्समध्ये घरदुरुस्ती आणि मालकीची कागदपत्रं लावून देण्याचं काम केलं. हे उत्तर त्या कामातून आलेलं आहे.

आधी पाण्याबद्दल, कारण गैरसमजाला तिथूनच सुरुवात होते. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ किनाऱ्याला धडकलं. पण शहर बुडालं ते पूरभिंती फुटल्यामुळे. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालवा, लंडन अव्हेन्यू कालवा आणि इंडस्ट्रियल कालवा, तिन्ही ठिकाणी भगदाडं पडली आणि जवळपास ८० टक्के शहरात पाणी भरलं. या भिंती केंद्राच्या लष्करी अभियंता दलाने बांधलेल्या होत्या आणि त्यांच्या रचनेत दोष होता हे दलाने २००६ मध्ये मान्यही केलं. शहराची जमीन बशीसारखी आहे: मिसिसिपी नदीने हजारो वर्षं गाळ टाकल्यामुळे नदीकाठ उंच, आणि मागचा भाग विसाव्या शतकात पंप लावून कोरडी केलेली दलदल. फ्रेंच क्वार्टर आणि गार्डन डिस्ट्रिक्ट नदीकाठच्या उंचावर आहेत, म्हणून वाचले.

यावरून सखल तिथे कृष्णवर्णीय आणि उंच तिथे गोरे, असं सरळ गणित लोक मांडतात. ते बरोबर नाही. लेकव्ह्यू ही तळ्याकाठची जवळजवळ पूर्ण गोरी, सुखवस्तू वस्ती सखल भागात आहे. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याचं पाणी तिच्यावरच आलं आणि कितीतरी घरांत छताला टेकलं. उलट लोअर नाइन्थ वॉर्ड म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर झोपडपट्टी येते, तीही चूक. १९१८ ते १९२३ दरम्यान इंडस्ट्रियल कालवा खणला गेला आणि ही वस्ती शहरापासून तुटली. पण इथली जवळपास ६० टक्के घरं स्वतःच्या मालकीची होती आणि संपूर्ण शहराचं तेच प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होतं. गोदीत, हॉटेलांत, शाळांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी आजोबांच्या काळात प्लॉट घेऊन हळूहळू बांधलेली घरं होती ती. फॅट्स डॉमिनोसारखा जगप्रसिद्ध गायक पैसा आल्यावरही इथेच राहिला आणि त्या पुरातून त्याला बोटीने बाहेर काढावं लागलं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. लोअर नाइन्थमध्ये भगदाडाजवळचं नुकसान खरोखरच जास्त होतं. तिथे पाणी भिंतीसारखं आलं, घरं पायावरून उचलली गेली आणि एक मोठी बार्ज, म्हणजे मालवाहतुकीची सपाट बोट, भगदाडातून आत घुसून घरांवर बसली. महिना उलटायच्या आत रिटा वादळ आलं आणि तिथे पुन्हा पाणी शिरलं. त्यामुळे फक्त लोअर नाइन्थ आणि लेकव्ह्यू यांची तुलना करून निष्कर्ष काढला तर समोरचा तो खोडून काढू शकतो. म्हणून मी नेहमी पाँचरट्रेन पार्ककडे बोट दाखवतो. १९५० च्या दशकात वसलेली ही कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची वस्ती: शिक्षक, पोस्टातले आणि सरकारी नोकर, टुमदार घरं, मध्ये गोल्फचं मैदान. लेकव्ह्यूप्रमाणेच सखल आणि तितकीच बुडालेली. इथे झोपडपट्टी नव्हती आणि बेकारीही नव्हती. तरीही ती लेकव्ह्यूच्या कितीतरी मागे रेंगाळली. निव्वळ गरिबीने याचं उत्तर मिळत नाही.

एक उत्तर आहे 'रोड होम' योजनेच्या हिशोबात. लुइझियाना राज्याने केंद्राच्या पैशांतून २००६ मध्ये ही योजना सुरू केली. अमेरिकेच्या इतिहासातली ही घरदुरुस्तीची सर्वांत मोठी सरकारी योजना म्हणतात. सुमारे १ लाख ३० हजार घरमालकांना मिळून ९ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम वाटली गेली. नियम असा: वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांत जे कमी असेल ते धरायचं, त्यातून विमा आणि इतर मदत वजा करायची आणि जास्तीत जास्त दीड लाख डॉलर द्यायचे. वाचताना अगदी रास्त वाटतं. आता समजा, एकाच आकाराची, एकाच जुन्या लाकडाची दोन घरं आहेत आणि दोन्हींच्या दुरुस्तीला १ लाख २० हजार डॉलर लागणार आहेत. लेकव्ह्यूतल्या घराची जुनी किंमत २ लाख, म्हणून त्याला १ लाख २० हजार मंजूर. लोअर नाइन्थमधल्या घराची जुनी किंमत ७० हजार, म्हणून त्याला ७० हजार. उरलेले ५० हजार आणायचे कुठून? लाकूड, वायरिंग, जिप्समच्या भिंती, प्लंबरची मजुरी यांचे भाव वस्ती बघून कमी होत नाहीत.

मग त्या घराची किंमत ७० हजारच का? १९३० च्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज संस्थेने शहरोशहरी नकाशे काढले आणि कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने रंगवून त्या कर्जाला धोक्याच्या ठरवल्या. बँका तिकडे फिरकेनात. कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून किंमत नाही. सत्तर वर्षांनी रोड होमच्या कारकुनाने फक्त बाजारभाव बघितला. तो माणूस वंशद्वेष्टा असण्याची गरजच नव्हती, कारण ते काम आधीच होऊन गेलेलं होतं.

याविरुद्ध २००८ मध्ये खटला उभा राहिला. शहरातली समन्याय्य गृहनिर्माणासाठी काम करणारी संस्था आणि काही कृष्णवर्णीय घरमालक यांनी तो लढवला. त्या दबावाखाली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या जादा अनुदानावरची मर्यादा उठली आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. पण तोवर सहा वर्षं उलटली होती. विस्थापित होऊन ह्यूस्टनला भाड्याच्या घरात राहणाऱ्याची मुलं तिथल्या शाळेत रुळली होती. उशिरा आलेल्या पैशाची किंमत निम्मी होते, हे पुनर्वसनात काम करणारा कुणीही सांगेल.

त्याच योजनेत घर उंच करण्यासाठी ३० हजार डॉलरपर्यंतचं वेगळं अनुदान होतं. मूळ रक्कम अपुरी पडली म्हणून अनेकांनी तेच पैसे दुरुस्तीला वापरले. पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाले नाहीत म्हणून राज्याने पुढे सुमारे साडेतीन हजार घरमालकांवर वसुलीचे दावे लावले. ते दावे मागे घेतले गेले २०२३ मध्ये. वादळाला तोवर अठरा वर्षं होत आली होती! घराला छप्पर घातलं म्हणून म्हाताऱ्या माणसांना कोर्टाच्या नोटिशीखाली राहावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

आता कागद. मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव वर्षानुवर्षं तसंच असतं. घरात भांडण नसेल तर वारसनोंद करायला तलाठ्याकडे कोण जातो? लोअर नाइन्थमध्ये हुबेहूब तीच स्थिती होती. लुइझियानाचा वारसा कायदा फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा आहे, तिथे मालमत्तेत सगळ्या मुलांचा हिस्सा लागतो. वकिलाचा खर्च वाचवायला लोक वारसाहक्काची कोर्टातली प्रक्रिया टाळत. कृष्णवर्णीय कुटुंबांत हे अधिक, कारण कोर्टकचेरीतून त्यांच्या पदरात फारसं चांगलं कधी पडलेलं नव्हतं. रोड होमला मात्र निर्विवाद मालकीचा पुरावा हवा होता.

अशा एका घरी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. भिंती खालपासून वरपर्यंत सोलून फक्त लाकडी सांगाडा उभा होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी घरपट्टीच्या पावत्या पुराच्या पाण्यातून काढून कपड्याच्या चिमट्यांनी दोरीवर वाळत घातल्या होत्या. शाई उतरली होती, पण वर्षं वाचता येत होती. घर आजोबांनी बांधलेलं आणि खरेदीखतही त्यांच्याच नावावर. वर्षानुवर्षं घरपट्टी यांनी भरली, आईचं आजारपण याच घरात काढलं, पण कागदावर त्यांचं नाव नव्हतं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आम्ही वंशावळ काढत गेलो. आजोबांची सात मुलं, त्यातली चार शिकागो आणि कॅलिफोर्नियाकडे गेलेली, त्यांची मुलं, नातवंडं. प्रत्येकाची सही हवी. एका चुलत भावाचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता आणि सगळं त्याच्यापाशी येऊन अडलं. त्या बाईंना कुणी 'तुम्ही कृष्णवर्णीय आहात म्हणून नाही' असं कधीच म्हटलं नाही.

विम्याचंही असंच. धोक्याच्या पट्ट्यात बँकेचं कर्ज असेल तरच पूरविमा सक्तीचा. घर वारशाने आलेलं, कर्ज कधीच फिटलेलं, म्हणजे विम्याचा आग्रह धरणारंच कुणी नाही. जे एरवी कर्जमुक्त म्हणून अभिमानाने सांगायचं, तेच पुरानंतर नडलं.

इथे किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला, सुमारे ८ हजार माणसं गेली आणि ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. घराचं माप कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. नियमात जातीचं नाव नाही. पण मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि सात हेक्टरवाला कोण, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत होतं. आधी ज्याचा वाडा होता त्याला मोठं घर, हा विचार मांडणाऱ्यांना तेव्हा नैसर्गिक वाटला. रोड होमचा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ही तीन मापं आठवली. मात्र किल्लारीचाच दुसरा धडाही आहे. जी गावं न हलवता जागेवर दुरुस्त करायची होती, तिथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागतं, इंजिनिअरला काय विचारायचं हे समजावलं. माहिती चावडीवरच्या चार माणसांपुरती राहिली नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये असं दुव्याचं काम सुरुवातीला कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. चर्च आणि स्वयंसेवक आपल्या परीने धावत होते.

आतापर्यंत घरमालकांबद्दलच बोललो. शहरातली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाडेकरू होती आणि त्यांच्यासाठी जवळपास काहीच नव्हतं. वादळाआधीच शहरातल्या चारपैकी एकाहून अधिक घरांत गाडी नव्हती, म्हणून तीच माणसं सुपरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये अडकली. नंतर बस-विमानांतून त्यांना ह्यूस्टन, अटलांटा, आणखी कुठे कुठे पाठवण्यात आलं. जाण्याची सोय सरकारने केली, परतीची ज्याची त्याने बघायची होती. शहरात परत यायचं तर भाडी भडकलेली. सरकारी गृहसंकुलांचं काय झालं बघा. सेंट बर्नार्ड, लाफीट, बी. डब्ल्यू. कूपर आणि सी. जे. पीट या चार मोठ्या संकुलांत मिळून साडेचार हजारांच्या आसपास घरं. पक्क्या विटांच्या इमारती, अनेकांचे वरचे मजले कोरडे. २० डिसेंबर २००७ ला नगर परिषदेने त्या पाडायला एकमताने मंजुरी दिली, बाहेर निदर्शकांवर मिरपुडीचा फवारा चालू असताना. ही संकुलं जुनी, दुर्लक्षित होती, गरिबी एका जागी कोंडली गेली होती आणि मिश्र उत्पन्नाची नवी वस्ती बरी, हा पाडणाऱ्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. माझा आक्षेप वेळेला आहे. हजारो कुटुंबं परगावी अडकलेली आणि शहरात घरांचा दुष्काळ, अशा वेळी असलेली घरं आधी पाडून नवी नंतर बांधायची, आणि त्यातही गरिबांसाठी कमी ठेवायची, याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

घराखेरीज माणूस ज्याच्या आधाराने राहतो तेही गेलं. शहरातल्या सरकारी शाळांच्या सुमारे साडेसात हजार कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि स्त्रिया पुष्कळ. पाँचरट्रेन पार्क का रेंगाळलं याचं अर्धं उत्तर इथे आहे. गरिबांचं आधारस्थान असलेलं चॅरिटी रुग्णालय वादळानंतर उघडलंच नाही, त्याच्या जागी नवं रुग्णालय सुरू व्हायला २०१५ उजाडलं.

नियोजनाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलंय. तेव्हाचे महापौर रे नेगिन यांनी शहराच्या पुनर्उभारणीसाठी नेमलेल्या आयोगाचा नकाशा ११ जानेवारी २००६ ला वर्तमानपत्रात छापून आला. सखल वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके, म्हणजे भविष्यातली उद्यानं. तांत्रिकदृष्ट्या विचार अगदीच वेडगळ नव्हता: शहर आक्रसतंय, तर सखल भाग पाण्याला सोडावा. पण ठिपक्याखालच्या माणसाने कुठे जायचं, उंचावर त्याला जागा मिळणार का, काय भावाने, याचं एकही उत्तर त्या कागदावर नव्हतं. वस्तीनेच चार महिन्यांत स्वतःची तग धरण्याची क्षमता सिद्ध करावी असं सुचवलं गेलं, आणि वस्तीतली माणसं तेव्हा अनेक राज्यांत पांगलेली. गदारोळ झाला, महापौरांनी माघार घेतली आणि मग कुणी काहीच ठरवलं नाही. प्रत्येकाने आपापल्या हिमतीवर बांधायचं, ही सर्वांत वाईट योजना शेवटी लागू झाली. ज्याच्या गाठीला पैसा होता त्याने बांधलं.

या गोंधळातही दोन वस्त्यांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. ब्रॉडमूर हिरव्या ठिपक्याखाली होतं. तिथल्या रहिवासी संघटनेने गल्लीप्रमुख नेमले, एकेका घराची नोंद केली, कोण कुठे आहे आणि कधी येणार हे शोधून काढलं, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना कामाला जोडलं आणि स्वतःचा आराखडा केला. त्या संघटनेच्या अध्यक्ष लाटोया कँट्रेल पुढे २०१८ मध्ये शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. दुसरी पूर्वेकडची व्हिएतनामी वस्ती. मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम चर्चचे फादर व्हिएन यांनी परतणाऱ्यांची यादी करून वीज कंपनीकडे नेली: एवढे ग्राहक येतायत, तारा जोडा. ती वस्ती कुणी कल्पना केली नव्हती इतक्या लवकर भरली.

पण या उदाहरणांचा गैरवापरही मी फार ऐकला आहे: बघा, ते स्वतःच्या पायावर उभे राहिले, मग बाकीच्यांना काय झालं? ब्रॉडमूरमध्ये सगळ्या थरांतली माणसं एकत्र राहत होती, त्यांत वकील-प्राध्यापकही होते. व्हिएतनामी कुटुंबं बहुतेक घरमालक, एका चर्चभोवती बांधलेली, आणि विस्थापन एकदा भोगलेली. त्यांच्या शेजारचे कृष्णवर्णीय बरेचसे भाडेकरू होते, दूर पांगले होते आणि त्यांच्या नावाची यादी करणारं कुणी नव्हतं.

उघड भेदभाव नव्हताच असंही नाही. शेजारचा सेंट बर्नार्ड परगणा (वरच्या संकुलाशी फक्त नाव सारखं) बहुतांश गोऱ्यांचा. २००६ मध्ये तिथल्या परिषदेने ठराव केला की परवानगीशिवाय घर फक्त रक्ताच्या नात्यातल्यांनाच भाड्याने द्यायचं. घरमालक नव्वद टक्क्यांहून अधिक गोरे असताना याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. कोर्टात आव्हान दिल्यावर तो मागे घ्यावा लागला, मग सदनिकांच्या बांधकामावर बंदी आली, आणि तीही २००९ मध्ये न्यायाधीशांनी भेदभाव करणारी ठरवली. असा ठराव निदान पकडता येतो. रोड होमचा हिशोब पकडायला मात्र वकिलांना वर्षं लागली.

परिणाम जनगणनेत दिसतो. २००० मध्ये शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती, २०१० मध्ये ३,४३,८२९. कृष्णवर्णीय रहिवासी सुमारे १ लाख १८ हजारांनी घटले, गोरे सुमारे २४ हजारांनी. लोअर नाइन्थच्या मुख्य भागात १४ हजारांचे ३ हजारही राहिले नाहीत.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर कुठल्याही आपत्तीत आधी मदतीचा शासन निर्णय किंवा नियमावली मागवा आणि दोनच कलमं वाचा: रक्कम कशावर ठरते आणि मालकी कशी सिद्ध करायची. नकाशे, भाषणं, आकडे नंतर. जानेवारी २०२५ च्या ईटन आगीत कॅलिफोर्नियातलं अल्टाडीना जळालं. पश्चिमेकडच्या भागाला घर सोडण्याचे आदेश पूर्वेकडच्यांपेक्षा कित्येक तास उशिरा मिळाले. इतरत्र घर मिळत नव्हतं तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबं याच पश्चिम भागात येऊन मालक झाली होती. तिथे आता वारसा, विमा आणि पडत्या भावात जमीन मागणारे दलाल हे तिन्ही प्रश्न पुन्हा उभे आहेत. एक फरक मात्र आहे. २०२१ पासून फेमा (केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था) वारसाने आलेल्या घरात राहणाऱ्याचं स्वतःचं लेखी निवेदनही मालकीचा पुरावा म्हणून, इतर कागद नसतील तर, ग्राह्य धरू शकते. दोरीवर पावत्या वाळत घालणाऱ्या त्या बाईंसारख्यांना आपत्तीनंतरची पहिली मदत तरी आता चुलत भावाच्या सहीवाचून मिळू शकते. घर पुन्हा बांधायचं मोठं अनुदान मात्र राज्याराज्यांच्या योजनांतून येतं, आणि तिथे कुठला कागद चालतो हे प्रत्येक वेळी नव्याने बघावं लागतं.